डिझाइन थिंकिंगमधलं 'कशासाठी' गेलं कुठे?

1969 साली पॅरिसच्या एका म्युझियममध्ये 'डिझाइन म्हणजे काय' याच नावाचं एक प्रदर्शन भरलं होतं. त्यासाठी चार्ल्स ईम्स या डिझायनरला (हो तोच, खुर्च्यावाला) प्रश्नांची भलीमोठी यादी विचारली गेली आणि त्याची उत्तरं इतकी तुटक आहेत की वाटतं माणूस बहुतेक वैतागलेला होता. डिझाइनची व्याख्या काय? तर एखादा ठरावीक हेतू उत्तम साधला जाईल अशा रीतीने घटकांची मांडणी करण्याचा आराखडा. डिझाइन म्हणजे कलेचा आविष्कार का? तर मी त्याला हेतूचा आविष्कार म्हणेन, पुरेसं चांगलं जमलं तर पुढे लोक त्याला कलाही म्हणतील. बास. हेतू हा शब्द काढला तर या माणसाच्या व्याख्येत उरतं काय? घटक आणि मांडणी.

त्याच प्रदर्शनासाठी त्याने एक आकृती काढली होती, ती मला या उत्तरांपेक्षाही भारी वाटते. एकमेकांवर चढलेले तीन वेडेवाकडे आकार. एक म्हणजे डिझाइन ऑफिसला ज्यात रस आहे ते, दुसरा म्हणजे क्लायंटला ज्यात खरोखर रस आहे ते, आणि तिसरा म्हणजे समाजाला एकूण ज्याची काळजी आहे ते. तिन्ही जिथे एकमेकांवर येतात तेवढ्याच तुकड्यात डिझायनर मनापासून काम करू शकतो असं त्याचं म्हणणं, आणि वर हेही की हे आकार स्थिर नसतात, एकमेकांवर परिणाम करत वाढत जातात.

आता पुढे या. 2008 च्या जूनमध्ये आयडिओ या डिझाइन कंपनीच्या टिम ब्राउनने हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये डिझाइन थिंकिंगवर, म्हणजे डिझायनरच्या पद्धतीने कुठलाही प्रश्न सोडवण्यावर, लेख लिहिला आणि तिथून ही गोष्ट डिझायनरांच्या हातातून सुटून मॅनेजरांच्या हातात गेली. (त्याआधी हा शब्द नव्हता असं नाही, 1987 मध्ये पीटर रो याचं याच नावाचं पुस्तक आलेलं, पण ते आर्किटेक्ट लोकांसाठी होतं.) ब्राउनच्या मांडणीचं जे रूप सगळीकडे पसरलं त्यातही तीनच वर्तुळं आहेत: लोकांना हवंय का, तंत्राने जमेल का, धंदा म्हणून टिकेल का. तिन्ही जिथे जुळतात तिथे तुमचं इनोव्हेशन.

दोन्ही आकृत्या शेजारी ठेवल्या की काय झालंय ते दिसतं. ईम्सच्या आकृतीत तीन पक्ष होते, तिघांना वेगवेगळं काहीतरी हवं होतं आणि त्यांचं जमतंय कुठे ते शोधायचं होतं. नंतरच्या वर्तुळांत पक्षच नाहीत, तीन चाळण्या आहेत. समाज गेला आणि त्याच्या जागी युजर आला. डिझायनरचा स्वतःचा रस गेला, त्याच्या जागी टेक्नॉलॉजी आली. आणि क्लायंटचा जो हेतू होता तो धंदा टिकण्याची एक अट होऊन बसला. हेतूवर भांडता येतं हो, तुमचा हेतू चुकीचा आहे असं तोंडावर सांगता येतं, अट मात्र फक्त पाळायची असते किंवा मोडायची असते. माझं म्हणणं सरळ आहे, आज डिझाइन थिंकिंग म्हणून जे शिकवलं जातं त्यात हेतू हा आधीच ठरलेला, वरून आलेला, प्रश्न न विचारण्याचा भाग करून टाकलाय, आणि गंमत म्हणजे या विषयातले खरे सिद्धांत बघितले तर ते बरोबर याच्या उलट सांगतात.

डिझाइन थिंकिंगचे ते पाच टप्पे सगळ्यांना पाठ आहेत: एम्पथाइझ (माणसाच्या जागी जाऊन समजून घ्या), डिफाइन (प्रॉब्लेम ठरवा), आयडिएट (कल्पना काढा), प्रोटोटाइप (कच्चा नमुना करा), टेस्ट (तपासा). यात 'हे करायचंच कशाला' हा प्रश्न कुठे येतो? लोक म्हणतात डिफाइनमध्ये येतो. नाही येत. डिफाइनमध्ये प्रॉब्लेम येतो, आणि प्रॉब्लेम म्हणजे काय तर कुणालातरी काहीतरी हवं असतं आणि ते होत नसतं, म्हणजे कुणाला आणि काय हे आधीच ठरून गेलेलं असतं. वर्कशॉपमध्ये भिंतीवर पहिलं कार्ड लागतं ते 'हाऊ माइट वी'ने (आपण कसं करू शकू) सुरू होतं, आणि त्या वाक्यातला 'वी', म्हणजे 'आपण', कोण हे कुणी विचारत नाही.

मी एका प्रोजेक्टवर होते, सबस्क्रिप्शन रद्द करण्याच्या स्क्रीन्स नव्याने करायच्या होत्या. युजर इंटरव्ह्यू झाले, अगदी मन लावून झाले, लोकांनी सांगितलं की पैसे कापले जातायत हेच विसरायला होतं, रद्द करायला गेलं की बटण सापडत नाही, अपराधी वाटतं वगैरे. भिंतीवरचं कार्ड काय होतं? 'सोडून जाणाऱ्या ग्राहकाचा अनुभव आपण अधिक आपुलकीचा कसा करू शकू?' आणि खरंच आपुलकीचा झाला! कुठे बोचत होतं ते आम्हाला इंटरव्ह्यूमुळे नेमकं कळलं होतं, त्यामुळे आधी एक प्रेमळ प्रश्न, मग एक महिना फुकट, मग 'नंतर आठवण करू का' आणि मग सगळ्यात खाली करड्या रंगात ते बटण. एम्पथी शंभर टक्के वापरली गेली, फक्त लोकांना जे हवं होतं त्याच्या विरुद्ध दिशेने. त्या खोलीत वाईट माणूस एकही नव्हता. पद्धतीतही काही चुकलं नाही, पाचही टप्पे रीतसर झाले, म्हणूनच मला पद्धतीबद्दल बोलायचंय.

लिफ्ट आणि आरशांची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल, व्यवस्थांचा अभ्यासक रसेल अ‍ॅकॉफ सांगायचा. ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट हळू आहेत म्हणून लोकांची ओरड, इंजिनिअर म्हणतात नवीन बसवायला फार खर्च येईल, मग कुणीतरी सुचवतं की लिफ्टच्या बाहेर आरसे लावा, लोक स्वतःला बघत उभे राहतात, तक्रारी बंद. ही गोष्ट सांगून झाली की वर्कशॉपमध्ये टाळ्या पडतात, बघा, प्रॉब्लेमची फ्रेम बदलली की कसं सुटतं! मला विचाराल तर या गोष्टीत फ्रेमपेक्षा मालक बदललाय. लिफ्टसमोर उभ्या असलेल्या माणसाचा हेतू वर पोचणं हा होता, इमारतीच्या मॅनेजरचा हेतू तक्रारी थांबणं हा होता, आरशाने दुसरा साधला आणि आपण तो पहिल्याचाच म्हणून खपवला. कदाचित तिथे तेच योग्य असेलही, थोड्या सेकंदांसाठी लाखोंचा खर्च करणं मूर्खपणाच असेल. पण तो निर्णय होता, कुणीतरी घेतलेला, आणि कल्पकतेच्या टाळ्यांमध्ये तो निर्णय दिसेनासा झाला. आणि ज्याला रोजच उशीर होतोय त्याला आरशात स्वतःचाच वैतागलेला चेहरा दिसणार.

आता सिद्धांतांकडे येते, कारण 'डिझाइन थिंकिंग म्हणजे नुसत्या स्टिकी नोट्स' अशी टर उडवणं सोपं आहे आणि त्याने फारसं काही हाती लागत नाही.

हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाचं वाक्य सगळे वापरतात, 1969 च्याच पुस्तकातलं: असलेली परिस्थिती बदलून अधिक पसंतीची करण्यासाठी जो कुणी कृती आखतो तो डिझाइन करतो. यावर नेहमीचा आक्षेप असा की पसंतीची म्हणजे कुणाच्या पसंतीची हे सायमन सांगत नाही, त्याच्यासाठी ध्येय दिलेलं असतं आणि मग उरतं फक्त शोधायचं गणित. आक्षेप निम्मा बरोबर आहे. पण त्याच पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत समाजाच्या नियोजनावरचं एक प्रकरण आहे, त्यात तो शेवटचं ध्येय न ठरवता डिझाइन करण्याबद्दल बोलतो, आणि तैलचित्राचं उदाहरण देतो: कॅनव्हासवर पडलेला प्रत्येक नवीन ठिपका चित्रकाराला नवीन काहीतरी सुचवतो, आणि चित्र जसं बदलतं तसं त्याला काय काढायचंय तेही बदलत जातं. ज्याच्यावर हेतू गोठवून ठेवल्याचा आरोप आहे त्यानेच हे लिहिलंय. लोक पहिलं वाक्य घेतात आणि पुस्तक मिटतात.

मग 1973 मध्ये होर्स्ट रिट्टेल आणि मेल्विन वेबर, नियोजनाचे दोन अभ्यासक, आणि त्यांचा 'विकेड प्रॉब्लेम'. हा शब्द आता कुणीही कशालाही लावतं, ऑफिसचा प्रिंटर चालेना तरी. मुळात त्यांचं म्हणणं अवघड प्रश्नांबद्दल नव्हतंच, गणितही अवघड असतं. शहरं, गरिबी, रस्ते अशा प्रश्नांमध्ये प्रश्न काय आहे हे सांगणं आणि उत्तर काय आहे हे सांगणं ही वेगळी कामं राहत नाहीत, कारण वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळं हवं असतं आणि कुठला हेतू खरा हे ठरवणारा पंच नसतो, असा त्यांचा मुद्दा. तिथे उत्तर बरोबर की चूक हे विचारताच येत नाही, फार तर बरं की वाईट एवढंच विचारता येतं, आणि तेही कुणाच्या बाजूने बघताय त्यावर. डिझाइनचा अभ्यासक रिचर्ड बुकॅननने 1992 मध्ये हाच धागा थेट डिझाइन थिंकिंगला जोडला. म्हणजे या विषयाच्या मुळाशी हेतूंचं भांडण आहे आणि आपण कार्यशाळेत आणलं काय, तर भांडण सोडून उरलेलं सगळं.

कीस डॉर्स्ट या डिझाइनच्या अभ्यासकाबद्दल जरा थांबते कारण त्याची मांडणी मला खरंच उपयोगी वाटते, 2011 चा लेख. तो एक छोटं समीकरण मांडतो: 'काय' अधिक 'कसं' बरोबर 'मूल्य'. काय माहीत आहे, कसं चालतं माहीत आहे, परिणाम काढा, ही झाली डिडक्टिव्ह (नियमावरून निष्कर्ष काढायची) पद्धत. काय आणि परिणाम माहीत आहे, नियम शोधा, ही शास्त्रज्ञाची. मूल्य आणि कसं माहीत आहे, वस्तू शोधा, ही इंजिनिअरची रोजची. आणि चौथी, जिथे फक्त मूल्य माहीत आहे आणि वस्तूही नाही नि तत्त्वही नाही, ती डिझाइनची, आणि तिथे अनुभवी डिझायनर फ्रेम तयार करतो, म्हणजे समजा हे असं बघितलं तर काय होईल असं धरून चालतो. फार सुंदर मांडणी आहे, पण नीट बघा, सगळ्यात मोकळ्या चौथ्या प्रकारातही मूल्य तेवढं माहीत आहे! दोन अज्ञात, एक ज्ञात, आणि ज्ञात नेमका हेतू. वस्तुस्थिती अशी की ज्यांनी कधी ब्रीफ (क्लायंटने काम काय ते सांगणारा कागद) घेतलंय त्यांना माहीत असतं, सगळ्यात धूसर गोष्ट तीच असते. ब्रीफमध्ये लिहिलेलं असतं 'तरुणांशी नातं घट्ट करायचंय' आणि तीन बैठकांनंतर कळतं की दुसऱ्या डिपार्टमेंटचं बजेट मार्चच्या आत संपवायचंय. डॉर्स्ट आणि नायजेल क्रॉस यांनीच 2001 मध्ये दाखवलं होतं की प्रश्न आणि उत्तर एकत्रच वाढत जातात, एकाने दुसऱ्याला बदलत. मग मूल्य तेवढंच का म्हणून खुंटीला बांधलेलं? मला वाटतं समीकरणात तिन्ही अज्ञात धरले पाहिजेत, आणि हो, त्याने समीकरण सुटत नाही, पण सुटत नाही हेच तर सत्य आहे.

यावर एक हुशार आक्षेप येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. हेतू हेतू काय करताय, बऱ्याच गोष्टींना हेतू नंतर सापडतो. 1968 मध्ये थ्रीएम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हरला धड न चिकटणारा गोंद सापडला, काही वर्षं तो त्याचं काय करू म्हणून कंपनीभर विचारत फिरला, मग आर्ट फ्रायला चर्चमधल्या गाण्याच्या पुस्तकातून खुणेचे कागद पडू नयेत म्हणून तो आठवला, आणि त्यातून स्टिकी नोट्स आल्या (ज्याशिवाय आता डिझाइन थिंकिंगचं पान हलत नाही). आधी हेतूवर वाद घालत बसलो असतो तर हे झालं असतं का? नसतं. मान्य. पण यातून एवढंच दिसतं की हेतू नेहमी पहिला येत नाही. तो आल्यावर त्याकडे बघू नये असं कुठे दिसतं? फ्रायकडे पडणारे कागद होते म्हणून गोंदाचा प्रॉडक्ट झाला, तोवर तो लॅबमधला एक फसलेला नमुनाच होता. मी हेतू पहिल्या दिवशी पक्का करा असं म्हणतच नाहीये, उलट तो पहिल्या दिवशी पक्का झालाय असं समजून पुढे जाऊ नका असं म्हणतेय.

हेतू मधेच बदलू दिल्याचं चांगलं उदाहरणही आहे. 2007 मध्ये स्टॅनफर्डच्या एका कोर्समध्ये विद्यार्थ्यांना काम दिलं होतं स्वस्त इनक्युबेटर करायचं. त्यांच्यातला एक जण नेपाळला गेला तर हॉस्पिटलमध्ये दान आलेले इनक्युबेटर रिकामे दिसले, कारण वेळेआधी जन्मणारी बाळं लांब खेड्यांत जन्मत होती, तिथे धड वीज नाही, आणि हॉस्पिटलपर्यंत ती पोचतच नव्हती. मग त्यांनी इनक्युबेटर सोडून दिला, बाळाला गुंडाळायची एक छोटी स्लीपिंग बॅगसारखी वस्तू केली, आत मेणासारख्या पदार्थाची पिशवी, ती एकदा गरम केली की वितळलेल्या अवस्थेतून घट्ट होताना काही तास सुमारे 37 अंश तापमान धरून ठेवते. तेच एम्ब्रेस. हे उदाहरण एम्पथीचं म्हणून सांगतात पण एम्पथी तर स्वस्त इनक्युबेटरवाल्याकडेही असू शकली असती. इथे कोर्सने दिलेला हेतू, म्हणजे यंत्र स्वस्त करणं, विद्यार्थ्यांनी नाकारला आणि नाकारला तरी त्यांना कुणी नापास केलं नाही. हा दुसरा भाग सांगताना कुणी सांगत नाही. नाकारायची सोय होती म्हणून ते झालं.

आणि उलटं उदाहरण म्हणजे प्लेपंप. दक्षिण आफ्रिकेतली कल्पना, मुलांचं गोल फिरायचं चक्र, ते फिरलं की जमिनीतलं पाणी उपसलं जाऊन उंचावरच्या टाकीत जाणार, टाकीच्या चार बाजूंना फलक, त्यावर जाहिराती आणि आरोग्याचे संदेश, जाहिरातीच्या पैशातून देखभाल. कागदावर इतकं गोड की 2006 मध्ये अमेरिकेत त्यासाठी 1 कोटी 64 लाख डॉलरची घोषणा झाली. पण मोजा, या एका वस्तूवर किती हेतू चढवलेत: गावाला पाणी, मुलांना खेळ, जाहिरातदाराला जागा, देणगीदाराला हसऱ्या मुलांचा फोटो. प्रत्येक हेतू चांगला, आणि ते एकमेकांशी भांडतात हे कुणाच्या डोक्यात नाही. मूल खेळतं ते त्याला वाटेल तेव्हा आणि दमलं की थांबतं, पाणी मात्र लागतं ते सकाळ संध्याकाळ, ठरल्या वेळी. 2009 मध्ये गार्डियनमध्ये हिशोब आला की एका पंपावर 2500 लोकांचं जे लक्ष्य ठेवलंय ते गाठायला मुलांना दिवसाचे 27 तास खेळावं लागेल. मग खेळ संपला की चक्र कोण ढकलणार, तर बायका, त्यातही म्हाताऱ्या, आणि काही ठिकाणी आधीचा हाताने मारायचा पंप काढून हे बसवलेलं. आता इथे युजर रिसर्च कमी पडला म्हणणं म्हणजे फार स्वस्तात सुटणं आहे. पाणी आणि खेळ यांचं भांडण झालं तर कोण जिंकणार, हा प्रश्न आधी मांडला असता तर त्याचं उत्तर द्यायला रिसर्च लागला नसता.

इथे एक फरक करावा लागतो, वस्तूचं काम आणि माणसाचा हेतू यांतला. लुई सलिव्हन हा आर्किटेक्ट 1896 मध्ये म्हणाला की रूप कामामागून येतं, आणि शंभर वर्षं सगळे तेच घोकतायत, पण काम कुणी ठरवलं हे त्यात नाहीच. इन्फिनिट स्क्रोल घ्या, म्हणजे खाली सरकवत गेलं तरी न संपणारं वेबपान. एझा रॅस्किनने 2006 मध्ये ते केलं, काम साधं, वाचणाऱ्याला पुढचं पान म्हणून क्लिक करावं लागू नये. काम उत्तम होतं. पण क्लिक करायला थांबण्याची ती जागा म्हणजे वाचणाऱ्याच्या हातात असलेला एकमेव ब्रेक होता, तो काढल्यावर तीच सोय ज्यांना लोकांचा वेळ विकायचा होता त्यांच्या कामी आली, आणि पुढे रॅस्किनने स्वतःच जाहीरपणे खंत व्यक्त केली. स्टॅफर्ड बीअर हा सायबरनेटिक्सवाला (व्यवस्थांचं नियंत्रण कसं चालतं त्याचा अभ्यास करणारा) म्हणायचा की एखाद्या व्यवस्थेचा हेतू म्हणजे ती प्रत्यक्षात जे करते तो, बाकी तिच्याबद्दल काय सांगितलं जातं ते सोडा. मला हे जरा टोकाचं वाटतं, कारण मग अपघात आणि लबाडी यात फरकच उरत नाही. पण रोजच्या कामात याची भीती असलेली बरी. लाँचनंतर सहा महिन्यांनी ही गोष्ट प्रत्यक्षात काय करतेय ते बघा आणि तोच तुमचा हेतू होता असं धरून त्याचं समर्थन करून दाखवा, किती जण तयार होतील?

(जाता जाता, 'पर्पज ड्रिव्हन' नावाचा जो प्रकार कंपन्यांच्या भिंतींवर रंगवलेला असतो त्याचा आणि या सगळ्याचा काही संबंध नाही. ज्या हेतूमुळे एकही गोष्ट नाकारावी लागत नाही तो हेतू नाही, वॉलपेपर आहे.)

बरं, मग करायचं काय? इथे मला डिझाइनवाल्यांपेक्षा सिस्टिमवाल्यांचं, म्हणजे अख्ख्या व्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्यांचं, जास्त पटतं. वेस्ट चर्चमनने 1971 मध्ये हेतूपूर्ण व्यवस्थेच्या अटी मांडल्या, त्यात ती कुणाच्या भल्यासाठी आहे, ते भलं कशाने मोजायचं, निर्णय कुणाच्या हातात आहे, हे वेगवेगळे प्रश्न म्हणून ठेवले. त्याचा विद्यार्थी वर्नर उलरिक याने 1983 मध्ये त्याचे बारा प्रश्न केले आणि प्रत्येक प्रश्न दोनदा विचारायला लावला, एकदा 'आहे कसं' आणि एकदा 'असायला हवं कसं'. त्यातली एक जागा मला फार महत्त्वाची वाटते: ज्यांच्यावर परिणाम होणार आहे पण जे या खोलीत नाहीत त्यांच्या वतीने साक्ष कोण देणार? युजर पर्सोना, म्हणजे वापरणाऱ्याचं आपण रंगवलेलं काल्पनिक व्यक्तिचित्र, ती साक्ष देत नाही. पर्सोना आपणच लिहिलेली असते, ती कधी उठून 'मला तुमचं हे काहीच नको' म्हणत नाही.

लगेच लोक म्हणतात की हे म्हणजे राजकारण झालं, डिझायनरला कोण विचारतंय, पगार देणारा ठरवतो. खरं आहे, आणि म्हणूनच मला डिझायनरच्या वैयक्तिक सद्सद्विवेकावर सगळा भार टाकणारी भाषणं आवडत नाहीत. 1971 मध्ये व्हिक्टर पापानेक या डिझायनरने लिहिलं की इंडस्ट्रियल डिझाइनपेक्षा जास्त घातक व्यवसाय आहेत पण फारच थोडे. वाक्य जोरदार, पण त्याने घरी ईएमआय असलेल्या ज्युनिअर डिझायनरला सोमवारी काय करायचं ते कळत नाही. हेतू हा एकट्याच्या मनात न ठेवता कागदावर, सगळ्यांना दिसेल आणि खोडता येईल असा ठेवला तर मात्र फरक पडतो. हे स्वप्नरंजन नाही, एका अगदी बारक्या वस्तूत हे झालेलं आहे.

औषधाच्या बाटलीचं ते दाबून फिरवायचं झाकण. अमेरिकेत 1970 मध्ये कायदा झाला की विषबाधा होऊ शकेल अशा वस्तूंची पॅकिंग लहान मुलांना उघडता येऊ नयेत. हेतू स्वच्छ. पण त्यात पहिल्यापासून दुसरा हेतूही लिहिलेला होता, मोठ्या माणसांना ती उघडता आली पाहिजेत, आणि दोन्हींची चाचणी ठरलेली. साडेतीन ते सव्वाचार वर्षांची मुलं, त्यातल्या निदान 85 टक्के मुलांना पाच मिनिटांत उघडता येता कामा नये, मग त्यांना कसं उघडतात ते करून दाखवायचं आणि तरीही एकूण दहा मिनिटांनंतर निदान 80 टक्के हरलेली असली पाहिजेत. मोठ्यांच्या चाचणीत मात्र बरीच वर्षं 18 ते 45 वयाचे लोक घेत. औषधं जास्त कोण घेतं? ज्यांची बोटं सांधेदुखीने वळत नाहीत ते. त्यांना झाकण उघडेना, मग ते बंदच करेनात, किंवा गोळ्या दुसऱ्या कुठल्या साध्या डबीत काढून ठेवू लागले, आणि घरात नातवंडं आली की सुरक्षित झाकणाचा सगळा हेतूच पाण्यात. 1995 मध्ये नियम बदलला, मोठ्यांच्या चाचणीचा वयोगट 50 ते 70 केला आणि कंपन्यांना ताकदीपेक्षा युक्तीवर उघडणारी झाकणं शोधावी लागली.

या झाकणात मला जे दिसतं ते पाच टप्प्यांत कुठेच नाही. दोन हेतू होते आणि ते एकमेकांच्या आड येतात हे उघड मान्य केलेलं होतं. प्रत्येकाला आकडा होता. मोठी माणसं म्हणजे कुणाचे हात, हे चुकीचं ठरवलं गेलं होतं, पण ते लिहिलेलं होतं म्हणून ते चुकीचं आहे असं बाहेरच्या कुणालाही दाखवता आलं, आणि बदलता आलं. दुरुस्तीला पंचवीस वर्षं लागली हे फार झालं. पण सबस्क्रिप्शनच्या त्या करड्या बटणाच्या बाबतीत तर दुरुस्त करायला काही लिहिलेलंच नव्हतं, कुणाचा हेतू, कशाने मोजला, कुणी मान्य केला, कुठेच काही नाही, फक्त भिंतीवरचे फोटो होते आणि शेवटच्या प्रेझेंटेशनमध्ये 'आपुलकी' हा शब्द.

म्हणून माझी मागणी अगदी कोरडी आहे. ब्रीफच्या पहिल्या पानावर हेतू कुणाचा हे नावानिशी, कुणाच्या हेतूशी तो भांडतोय ते त्याच्या खाली, भांडण झालं तर कोण जिंकणार ते त्याच्या खाली, आणि काम चालू असताना यातलं काहीही बदललं तर तारखेसकट खोडून नवीन. वर्कशॉप चालवणारी फॅसिलिटेटर मंडळी म्हणतील एवढा वेळ कुठे असतो, दोन दिवसांचं वर्कशॉप असतं. त्या दोन दिवसांत आइसब्रेकरला (ओळख वाढवायच्या खेळाला) पाऊण तास असतो, तिथून सुरुवात करता येईल. आणि क्लायंट पहिल्याच ओळीला अडला, नाव लिहायलाच तयार झाला नाही, तर कार्डं भिंतीला लावण्याआधीच ती गोष्ट कळलेली बरी, नंतर कळली की प्रोटोटाइपवर खर्च झालेला असतो आणि मग कुणालाच थांबायचं नसतं.